‘सेवेशी संबंध नाही’ असं पत्र आलं म्हणून डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा संपत नाही

फौजेतून मेडिकलवर घरी आलेल्या माणसाच्या ट्रंकेत बहुतेक वेळा एक पत्र असतं. वर रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का, खाली इंग्रजीतले चार-पाच परिच्छेद. त्यांचा अर्थ एवढाच, की तुमचं अपंगत्व लष्करी सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा नामंजूर. त्याच पत्रात शेवटी लिहिलेलं असतं की निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल. हे शेवटचं वाक्य घरात सहसा कुणी वाचत नाही. वाचलं तरी ‘सरकारच्या विरोधात कुठे जायचं’ म्हणून पत्र परत ट्रंकेत जातं.

आपल्या समाजाचं फौजेशी नातं जुनं आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. आपल्या लोकांची भरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध विनंती अर्ज तयार केला. ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. कोकणात, साताऱ्यात, विदर्भात आजही अशी घरं आहेत जिथे तीन पिढ्यांचे डिस्चार्ज बुक सापडतात. १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपण माजी सैनिकांना मानाने पुढे बोलावतो, सलामी देतो. ते योग्यच आहे. पण त्यातल्या किती जणांचे पेन्शनचे कागद आपण कधी हातात घेऊन वाचले? कार्यकर्ता म्हणून हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. त्यासाठी वकील असण्याची गरज नाही. कागद नीट वाचता यायला हवेत आणि तारखा सांभाळता यायला हव्यात.

पेन्शन कशावर ठरते

डिसॅबिलिटी पेन्शनसाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, अपंगत्व लष्करी सेवेमुळे झालेलं असावं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं. दुसरी, मेडिकल बोर्डाने ते २० टक्के किंवा त्याहून जास्त धरलेलं असावं. पूर्ण मुदत भरून निवृत्त होताना बसतं ते रिलीज मेडिकल बोर्ड. आजारामुळे किंवा जखमेमुळे मुदतीआधीच घरी पाठवायचं असेल तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड बसतं, ज्याला जवान ‘बोर्ड आउट झालो’ म्हणतात. या दोन बोर्डांतला फरक लक्षात ठेवा. पुढे तो पैशांत आणि निकालात उतरतो.

पहिल्या अटीतला ‘किंवा’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मी पाहिलेल्या बहुतेक अपील अर्जांत माणूस एवढंच लिहितो, की मला हा आजार फौजेत झाला. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, हा आजार तसा कुणालाही होऊ शकतो. पण आजाराचं मूळ सेवेत नसलं तरी सेवेतल्या परिस्थितीने तो वाढला असेल, तरी हक्क बसतो. सहा वर्षं उंचावरच्या आणि अशांत भागातल्या पोस्टिंगमध्ये काढलेल्या माणसाचा रक्तदाब कुठे सुरू झाला, या वादात पडण्यापेक्षा तो कुठे वाढला हे कागदावरून दाखवणं सोपं जातं. अर्जात दोन्ही मुद्दे वेगवेगळे मांडावेत.

पैशांचा हिशेब असा. अपंगत्व १०० टक्के असेल तर डिसॅबिलिटीचा भाग म्हणून शेवटच्या हिशेबी वेतनाच्या ३० टक्के मिळतात आणि त्याखाली त्याच प्रमाणात. समजा शेवटचं वेतन ४०,००० रुपये होतं. १०० टक्क्यांना महिना १२,००० रुपये, तर २० टक्क्यांना फक्त २,४०० रुपये. इथे ‘राउंडिंग ऑफ’चा नियम कामाला येतो. २० ते ५० टक्क्यांच्या खालचं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यावरचं १००. म्हणजे त्याच २० टक्केवाल्या माणसाला ६,००० रुपये मिळायला हवेत, वर महागाई भत्ता. सरकारने ही सवलत १९९६ पासून दिली ती फक्त बोर्ड आउट झालेल्यांना. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार खटल्यात मान्य केलं. तरीही वीस किंवा तीस टक्क्यांवरच पेन्शन घेत असलेले जुने लोक भेटतात. त्यांचा दावा नाकारला गेलेला नसतो, म्हणून आपल्याला कमी मिळतंय हे त्यांच्या लक्षातच येत नाही. वस्तीतल्या माजी सैनिकांचे पेन्शन पेमेंट ऑर्डर तपासायचे ठरवलेत तर सुरुवात इथून करा. सगळ्यात कमी वादाचं काम हेच आहे.

एक अडसर मात्र आहे. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याचं अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली असेल तर राउंडिंग ऑफ मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये तसा निकाल दिला आहे. पण बोर्ड आउट केलेल्याची गोष्ट वेगळी. २०१४ च्या सुखविंदर सिंग खटल्यात न्यायालय म्हणालं, की माणसाला ज्या अपंगत्वामुळे नोकरीतून काढलं, ते २० टक्क्यांपेक्षा जास्तच होतं असं मानलं पाहिजे. साधी गोष्ट आहे. नोकरी घालवण्याइतका आजार मोठा आहे, पण पेन्शन देण्याइतका मोठा नाही, असं दोन्हीकडून कसं चालेल?

बोर्डाने लिहिलेलं एकच वाक्य

दावा नाकारण्याचं मूळ बहुतेक वेळा मेडिकल बोर्डाच्या कागदात असतं. एएफएमएसएफ-१६ नावाचा तो फॉर्म आहे. आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, असे रकाने त्यात असतात. दोन्हींपुढे ‘नाही’ लिहिलं की त्या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एनएएनए’ झाला म्हणतात. कारणांच्या रकान्यात एखादं वाक्य असतं. ‘शांत क्षेत्रातील पोस्टिंगमध्ये सुरुवात’, ‘जीवनशैलीचा आजार’ किंवा ‘कॉन्स्टिट्यूशनल’. हा शेवटचा शब्द पाहून आपले काही तरुण गोंधळतात. त्याचा संविधानाशी काही संबंध नाही. हा आजार माणसाच्या मूळ प्रकृतीतच होता, असं डॉक्टरांना म्हणायचं असतं.

या एका शब्दावर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्याचा निकाल दिला. हा माणूस १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाला आणि सुमारे नऊ वर्षांनी, १९९४ मध्ये, फिट्स येतात म्हणून २० टक्के अपंगत्व दाखवून घरी पाठवला गेला. बोर्डाचं म्हणणं, आजार प्रकृतीचा आहे, सेवेशी संबंध नाही. न्यायालयाने १९८२ चे नियम एकेक करून तपासले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं. नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं धरायचं. हक्क सिद्ध करण्याचं ओझं अर्जदारावर नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. भरतीच्या तपासणीत हा आजार सापडूच शकला नसता असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याने तशी कारणं लिहिली पाहिजेत. या बोर्डाने कारणं दिली नव्हती. निकाल सैनिकाच्या बाजूने गेला.

भरतीच्या वेळी आपली मुलं कशी तपासली जातात हे आठवा. दात, कान, सपाट पाय, गुडघे, छाती. एवढ्या तपासणीतून ‘फिट’ म्हणून घेतलेला मुलगा दहा वर्षांनी आजारी पडला, की तो आधीपासूनच आजारी होता म्हणायचं असेल तर काहीतरी पुरावा द्यावा लागेल. धरमवीर सिंग निकालाचा गाभा हाच. मे २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवलेल्या एका जवानाच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाने कारणं न देणं हीच मूळ चूक धरली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या जवळपास ३०० याचिका एकत्रितपणे फेटाळल्या. ट्रायब्युनलने सैनिकांच्या बाजूने दिलेल्या आदेशांविरुद्ध सरकार तिथे गेलं होतं. शांत क्षेत्रात पोस्टिंग होतं एवढ्यावरून मधुमेह किंवा रक्तदाब सेवेशी संबंधित नाही असं ठरवता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

पण भ्रमात राहू नका. सगळे निकाल सैनिकाच्या बाजूचे नाहीत. मानसिक आजाराच्याच बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नरसिंग यादव खटल्यात उलट निकाल दिला आहे. मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसतोच असं नाही, म्हणून केवळ नोंद नव्हती एवढ्यावर हक्क बसत नाही, असं तिथे म्हटलं. रजेवर गावी असताना मोटरसायकलचा अपघात झाला, अशा प्रकरणांत सेवेशी दुवा दाखवावा लागतो आणि तो बहुतेकदा दाखवता येत नाही. युनिटमधून रजेवर निघालेला किंवा रजा संपवून परतीच्या वाटेवर असलेला माणूस मात्र नियमाप्रमाणे ड्यूटीवर धरला जातो. अपघात प्रवासात झाला की गावात फिरताना, हा पहिला प्रश्न विचारा. दुसरं उत्तर आलं तर कुटुंबाला खोटी आशा लावू नका.

कोणते नियम लागू होतात हे घरी येण्याच्या तारखेवर ठरतं. २००८ च्या आधी सुटलेल्यांना १९८२ चे नियम. १ जानेवारी २००८ पासूनचे नियम वेगळे आहेत. त्यांत वरचं गृहीतक जुन्या शब्दांत उरलेलं नाही, आणि सेवेतून सुटल्यावर १५ वर्षांनंतर दावा केला व तोवर कागद नष्ट झालेले असले तर सिद्ध करण्याचं ओझं अर्जदारावर जातं. २१ सप्टेंबर २०२३ पासून तिसरे नियम आले. त्यानंतर मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ नावाची नवी रक्कम आली आहे. म्हणून कुणाचा अर्ज पाहून कुणाचा अर्ज लिहू नका. शेजारच्या काकांना १९९५ च्या डिस्चार्जवर जे मिळालं, ते २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या पुतण्याला त्याच मुद्द्यांवर मिळेलच असं नाही.

आधी कागद, मग अर्ज

सहा महिन्यांची मुदत ऐकून लोक घाईने अर्ज खरडतात. पत्र नुकतंच आलं असेल तर मुदत पाळायलाच हवी. पण त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाका. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. महार रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. मागायचं ते असं: मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणी अहवाल, सेवेतील सर्व रुग्णालयीन नोंदी, पोस्टिंगची तारीखवार यादी, जखम झाली असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष, आणि दावा नाकारतानाची कार्यालयीन टिपणी. स्वतःची माहिती मागणारा अर्ज सैनिकाने स्वतःच्या सहीने करावा. कार्यकर्त्याने आपल्या नावाने मागितली तर ती खासगी माहिती म्हणून नाकारली जाईल.

कागद आले की एका कोऱ्या पानावर दोन रकाने आखा. डाव्या बाजूला वर्षवार पोस्टिंग, उजव्या बाजूला त्या काळातली वैद्यकीय नोंद. आजाराची पहिली नोंद कोणत्या तारखेची, तेव्हा तो कुठे होता, त्याआधीची तीन-चार वर्षं कुठे होता. बोर्डाने ‘शांत क्षेत्रात सुरुवात’ लिहिलेलं असतं, आणि यादीत दिसतं की हा माणूस त्या शांत क्षेत्रात येऊन चारच महिने झाले होते, त्याआधी अडीच वर्षं नियंत्रण रेषेवर. अपीलचा कणा या एका पानात असतो. याला मी ‘पट’ म्हणते. हा पट मांडल्याशिवाय अर्जाचा एक शब्दही लिहू नये, असा माझा आग्रह असतो.

सैनिकांना हे सगळं तोंडाने विचारून काढणं सोपं नाही. तारखा विसरलेल्या असतात. त्यातून आजार मानसिक असेल तर घरची माणसं बोलायलाच तयार नसतात. एका कुटुंबात आईने मुलाचे रुग्णालयाचे सगळे कागद चुलीत घातले होते, लग्न जमायला अडचण नको म्हणून. तिला दोष देता येत नाही. अशा घरी पहिल्याच भेटीत फॉर्म काढू नका. दोनदा-तीनदा जा, चहा घ्या, मग कागदांचा विषय काढा. जळालेल्या कागदांच्या प्रती रेकॉर्डमध्ये असू शकतात हे त्यांना सांगा.

अर्जाची भाषा साधी ठेवा. देशासाठी तारुण्य दिलं वगैरे खरं आहे, पण समितीसमोर ते उपयोगी पडत नाही. बोर्डाचं वाक्य जसंच्या तसं लिहा, त्याला कारण दिलेलं नाही किंवा दिलेलं कारण नोंदींशी जुळत नाही हे दाखवा, पटातल्या तारखा द्या, सेवेमुळे वाढ झाल्याचा मुद्दा वेगळा मांडा, आणि नेमकं काय हवं ते शेवटी लिहा. दोन पानं पुरतात. काही खोटं किंवा वाढवून लिहू नका. एक खोटी तारीख सापडली की बाकीच्या दहा खऱ्या तारखांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

जुन्या प्रकरणांत आणखी एक गोष्ट तपासा. कधीकधी बोर्डाने ३० किंवा ४० टक्के लिहिलेलं असतं आणि पेन्शनचा हिशेब करणाऱ्या कार्यालयाने ते परस्पर २० च्या खाली आणलेलं असतं. माणसाला न तपासता कागदावर बसून बोर्डाचं मत असं बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सॅपर मोहिंदर सिंग प्रकरणात सांगितलं आहे.

अपीलच्या पायऱ्या

पहिलं अपील जातं पहिल्या अपील समितीकडे. अर्ज रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवायचा, नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तिथेही नकार आला तर दुसरं अपील, पुन्हा सहा महिन्यांत, दुसऱ्या अपील समितीकडे. दोन्ही अर्ज रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावतीची झेरॉक्स काढून ठेवा. पावतीची शाई वर्षभरात उडते.

अनुभव सांगायचा तर या दोन समित्यांकडे बहुतेक वेळा बोर्डाचंच वाक्य वेगळ्या शब्दांत परत येतं. लोक इथे खचतात. पण या पायऱ्या गाळून थेट ट्रायब्युनलमध्ये जाऊ नये, कारण उपलब्ध उपाय आधी वापरले का, हे तिथे पाहिलं जातं. अपिलावर सहा महिने काहीच उत्तर आलं नाही, तर मात्र वाट पाहत बसण्याची गरज नाही, पुढे जाता येतं.

पुढे म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण, बोलीत एएफटी किंवा ट्रायब्युनल. २००७ च्या कायद्याने ते झालं आणि ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झालं. मुख्य पीठ दिल्लीला आणि महाराष्ट्र-गोव्यासाठी पीठ मुंबईला आहे. निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या पीठाकडे अर्ज करू शकतो. रेकॉर्ड ऑफिस सागरला असलं तरी गडचिरोलीच्या किंवा चिपळूणच्या माणसाला मध्य प्रदेशात खेटे घालावे लागत नाहीत. अंतिम नकारानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर त्याचं कारण देऊन माफीचा अर्ज सोबत जोडता येतो. माणूस स्वतः उभा राहू शकतो किंवा वकील देऊ शकतो. ट्रायब्युनलच्या निकालानंतर सर्वोच्च न्यायालयाची वाट अरुंद आहे, सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असावा लागतो. पण मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केलं की ट्रायब्युनलच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. वडील १९८८ मध्ये घरी आले, तेव्हा अपील केलं नाही, आता काही होईल का? होऊ शकतं. पेन्शन दर महिन्याला देय असते, त्यामुळे ती न देणं हे दर महिन्याला नव्याने होणारं नुकसान आहे. २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात हाच मुद्दा होता. तो माणूस १९८३ मध्ये मेडिकलवर सुटला आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेला. सोळा वर्षं उशीर होऊनही पेन्शनचा हक्क बुडाला नाही. पण मागची थकबाकी अशा प्रकरणांत साधारणपणे अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणजे उशिरा जागं होणाऱ्याला पेन्शन मिळू शकते, मधली वर्षं मिळत नाहीत. आज अर्ज केला काय आणि पुढच्या वर्षी केला काय, असं जे म्हणतात त्यांना सांगा, की प्रत्येक महिन्याला मागच्या टोकाचा एक महिना कापला जातोय. सैनिक वारला असेल तर त्याच्या हयातीतली देय रक्कम पत्नीला मागता येते. अशा विधवा आई-मावश्या आपल्या वस्त्यांत आहेत, आणि त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं.

ज्यांचा आजार सेवेशी संबंधित नाही हे शेवटी खरंच ठरतं, त्यांच्यासाठीही एक वाट आहे. दहा वर्षं सेवा झालेल्या बोर्ड आउट माणसाला इनव्हॅलिड पेन्शन मिळते. दहाच्या आत असलेल्यांना पूर्वी फक्त एकरकमी ग्रॅच्युइटी मिळायची. जुलै २०२० मध्ये सरकारने ही दहा वर्षांची अट काढली, पण ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा नंतर सेवेत असलेल्यांपुरतीच.

वकील, एजंट आणि फुकटची मदत

‘पैसे आल्यावर निम्मे द्या’ म्हणणारे लोक जिल्ह्याच्या ठिकाणी फिरत असतात. कोऱ्या कागदावर सह्या घेतात, मूळ डिस्चार्ज बुक ठेवून घेतात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेता येत नाही. एजंटाला तर ट्रायब्युनलमध्ये उभंच राहता येत नाही. मूळ कागद कुणाकडेही द्यायचे नाहीत, हे घरातल्या बायकांना सांगून ठेवा. पुरुष देऊन बसतात.

मोफत कायदेशीर मदत हा उपकार नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला हक्क आहे. त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी ही मदत मिळते. सैनिक स्वतः अपंग म्हणून बसतो, त्याची विधवा स्त्री म्हणून बसते. आणि ‘तुम्ही तर बौद्ध, मग अनुसूचित जातीत कसे’ असं टेबलावरच्या माणसाने विचारलंच, तर १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला आहे, हे त्याला शांतपणे सांगायचं. हा प्रश्न मला अजूनही दरवर्षी एकदा तरी ऐकू येतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून पाठवायला मदत मिळते. जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी योजना सुरू केली असून सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदेशीर मदतीची केंद्रं उघडायची आहेत. आपल्या जिल्ह्यात ते उघडलं का, कोणत्या वारी वकील बसतात, हे एका फेरीत कळेल. उघडलं नसेल तर लेखी विचारा.

तरुणांसाठी एक वेगळी गोष्ट. २०२२ पासून भरती होणारी मुलं अग्निवीर आहेत. त्यांच्यासाठी दर महिन्याची डिसॅबिलिटी पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकदाच रक्कम मिळते, १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख आणि ५० टक्क्यांना १५ लाख. इथे टक्केवारीच्या एका पायरीने दहा किंवा एकोणीस लाखांचा फरक पडतो, आणि दर महिन्याला नव्याने नुकसान होतं हा पेन्शनवाल्यांचा आधारही या मुलांच्या मागे नाही. सेवेचा काळ चारच वर्षांचा, त्यामुळे जखम झाली त्याच आठवड्यात इंज्युरी रिपोर्ट बनला का हे पाहावं लागेल. भरतीची तयारी करून घेणाऱ्या आपल्या अकादम्यांत पळणं आणि लांब उडी शिकवतात. तिथे एक तास या कागदांसाठी मागून घ्या: प्रत्येक दुखापतीची नोंद आजारपणाच्या रजिस्टरमध्ये करून घे, रुग्णालयातून सुटताना डिस्चार्ज स्लिपचा फोटो काढून घरी पाठव, आणि मेडिकल बोर्डाच्या कागदावर सही करण्याआधी ‘सेवेशी संबंध’ या रकान्यात काय लिहिलंय ते वाच.